छपरावरची वेल

मार्गशीर्ष लागला की जळगावच्या संध्याकाळींना भाजल्या वांग्यांचा वास येतो. कापसाच्या वाळक्या काड्या पेटवायच्या, त्यात भरताची हिरवी, पांढुरक्या अंगाची वांगी टाकायची आणि सालं काळी पडली की लाकडी मुसळीने ठेचायची. गच्चीवर, शेतात, कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर, जिथे चार माणसं जमतील तिथे धूर. थंडी नुकती बोचायला लागलेली असते आणि शहरातला प्रत्येक जण कुणाच्या ना कुणाच्या भरीत पार्टीला निघालेला असतो. मलाही बोलावणी येतात. मागच्या वर्षापासून मी कारणं सांगते आहे. डोकं दुखतं, काम आहे, ॲसिडिटी आहे. खरं कारण सांगण्यासारखं नाही. हा धूर नाकात गेला की मला पिंपळनेरच्या पलीकडचं एक छप्पर दिसतं. त्या छपरावरचं जे मी उघड्या डोळ्यांनी पाहून चुकीचं लिहिलं, ते दिसतं.

गावाचं नाव लिहीत नाही. मागे एकदा लिहिलं होतं, ठळक अक्षरात, वर दोन रेघा मारून. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमच्या पारोळ्याच्या घरात आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पत्रकं सगळीकडे असायची. गुलाबी, पिवळी, पोपटी. कापसाच्या जिनिंगमधल्या हमालांची, पाण्याच्या पाळीची, बंद पडलेल्या शाळेची. आण्णा दिवसभर जिनिंगमध्ये काम करायचे आणि सुटल्यावर सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा बांधून बाजारात जायचे. उरलेली पत्रकं आई फडताळात अंथरायची, त्यांची माझ्या वह्यांना कव्हरं घालायची, डब्यात भाकरीखाली ठेवायची. भाकरीच्या पाठीवर कधीकधी उलटी अक्षरं उमटायची. शाळेत मला ‘कमळ’ शिकवलं, त्याआधी मला ‘जाहीर’ वाचता येत होतं. प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मागण्या असत, आणि मागण्यांखाली ‘आपले नम्र’ कधीच नसे. आण्णा म्हणत, “नम्र कशाला? हक्काचं मागतोय.” त्यांची एकही मागणी पुरती मान्य झालेली मी पाहिली नाही. पण त्या गुलाबी कागदात काहीतरी सरळ, ताठ आहे असं मला वाटे. अजूनही वाटतं. तोच तर त्रास आहे.

तो पहिला मार्गशीर्ष मला एखाद्या मोसमासारखा नाही, एखाद्या खोलीसारखा आठवतो. आत गेलं की सगळं जागच्या जागी. जळगावहून निघालेली एसटी, पारोळ्याला कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग, ट्रॉलीच्या जाळीतून उडून बाभळींना लटकलेला कापूस. धुळ्याला गाडी बदलली. साक्रीच्या पुढे हवा पातळ झाली, ज्वारीची सपाट शेतं मागे राहिली आणि डोंगर खिडकीजवळ येऊन बसले. पिंपळनेरला उतरले तर बाजारात नव्या तांदळाचा वास. तिथून जीप, आणि जीप थांबली तिथून तासभर पायवाट. खळ्यांवर नागलीची कणसं पडलेली. भाताच्या पेंढ्यांवर सकाळचं दव दुपारपर्यंत टिकून होतं. दूर कुठून तरी एक आवाज येत होता. सनईपेक्षा खर्जातला, मधमाश्यांच्या पोळ्यातून यावा तसा भरलेला, आणि न तुटणारा. मी थांबून मोजत राहिले, हा माणूस श्वास कधी घेणार? घेतलाच नाही.

आवाज येत होता ते पावरकरांचं, म्हणजे पावरी वाजवणाऱ्यांचं, घर होतं; त्यांच्याबद्दल लिहायलाच मी आले होते. पावरी हे वाद्य ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. वर एक वाळलेला, पोकळ केलेला भोपळा, त्यात फुंकायचं. खाली बांबूच्या दोन नळ्या, मधाच्या पोळ्यातल्या मेणाने भोपळ्यात बसवलेल्या, आणि टोकाला बैलाचं शिंग. गालात वारा साठवायचा, नाकाने श्वास ओढायचा आणि सूर मात्र तुटू द्यायचा नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचं व्रत असतं. व्रत धरणाऱ्या माऊल्या सारवलेल्या खळीवर गोल फेर धरून नाचतात, आणि पावरीशिवाय फेर हलत नाही. या घरातल्या चार पिढ्यांनी ती वाजवली. आता वाजवणारे सुक्राम आबा; त्यांचे वडील दिल्लीच्या परेडला जाऊन आले होते; तो फोटो कुडाच्या भिंतीला लटकत होता, काच तडकलेली, त्यावर शेणाचे शिंतोडे. रेडिओवाले, विद्यापीठवाले, परदेशी संशोधक सगळे येऊन गेले होते. सगळ्यांनी आपापल्या यंत्रात आवाज भरून नेला आणि घर तसंच गळत राहिलं. निदान मला तसं दिसलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आबा दारात बसले होते. अंगावर बंडी, डोक्याला मळकं फडकं, गाल आत गेलेले. इतकी वर्षं फुगवून सैल पडलेले गाल. घरात ते आपल्या बोलीत बोलत, माझ्याशी अहिराणीत.

“कोठली शे तू?”

“जळगावची, आबा. मूळची पारोळ्याची म्हणा.”

“जळगावनी? मंग भरीत काब्र नही आनं?”

त्यांची सून जमना आतून हसली. मी ओशाळून वही काढली. आबा म्हणाले, “पानी पी पहिले. कागद काय पळी जाई का?”

मी पाणी प्यायले, पण वही उघडीच ठेवली. जमनाने बजावलं, “ताई, आबाले पावरीनं इचारू नको. गोट निंघनी का सांज व्हस.” गोष्ट निघाली की संध्याकाळ होते म्हणे; मला वाटलं ती गंमत करते आहे. त्या दुपारी मला सांज होऊ द्यायला वेळ नव्हता. शेवटची जीप चारला होती. मी म्हटलं, आबा, आधी थोडं वाजवा, मग मी प्रश्न विचारते. मोबाईल उंबऱ्यावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. आबांनी डोळे मिटले. अकरा मिनिटं तो सूर तुटला नाही. कोंबड्या अंगणात फिरत होत्या, आढ्याला तीन जुन्या पावऱ्या टांगलेल्या होत्या, धुराने काळ्या पडलेल्या. त्यांना बांधलेली मोरपिसं वाऱ्याशिवाय हलत होती, म्हणजे त्या सुरानेच हलत असणार. मला रडू आलं. पत्रक लिहिणाऱ्याला रडू आलं की त्याने थोडं थांबावं, हे मला आण्णांनी शिकवलं नव्हतं.

वाजवून झाल्यावर आबा छपराकडे बघत काहीतरी सांगायला लागले होते, एवढं आठवतं. मला वाटलं, गळतीचं सांगताहेत. गळतीचं मी लिहून घेतलंच होतं.

छपरावर एक वेल माजलेली होती. वाळून तपकिरी पडलेली, पानं गळालेली, दोरखंडासारखी सगळ्या कौलांवरून फिरलेली. तिच्यात मधूनमधून करड्या रंगाची, डागाळलेली फळं अडकलेली. कुणी उतरवायलाही न आलेली, टाकून दिलेली, असं मला वाटलं. एका थोर घराची ही काय दैना! मी तिथेच खाली मान घालून लिहिलं आणि छापील मराठीत, भरभर, मोठ्याने वाचूनही दाखवलं. गावाला रस्ता करावा. घर शासनाने ताब्यात घेऊन स्मारक म्हणून जपावं. छपरावर माजलेली रानवेल काढून पक्कं छप्पर घालावं. जुन्या पावऱ्या काचेच्या पेटीत सुरक्षित ठेवाव्यात. कुटुंबाला घरकुल द्यावं. माझा आवाज चढलेला होता. मला माझाच अभिमान वाटत होता. आबांनी बाराखडी आठवत आठवत सही केली, सु, क्रा, म, आणि पेन मला परत देताना फडक्याने पुसून दिलं.

पत्रक पिवळ्या कागदावर निघालं. मथळा होता, ‘पावरीचं घर पडतंय, तुम्ही झोपलात का?’ साक्री, पिंपळनेर, धुळे, जळगाव. मी स्वतः वाटलं. बाजाराच्या दिवशी, कॉलेजच्या फाटकात, कचेरीच्या पायऱ्यांवर. शिपायाने हाकललं तर रस्त्याच्या पलीकडून वाटलं. छायाचित्रं छापून आली, कुणीतरी वरच्या माणसाने कुणाला तरी फोन केला, आणि मग ती गोष्ट घडली जी आमच्या घराण्यात कधीच घडली नव्हती. सगळ्या मागण्या मान्य झाल्या. एकही वगळली नाही. आण्णांनी पारोळ्याच्या चौकात पेढे वाटले. जिनिंगमधले जुने हमाल विचारत होते, “आण्णा, पोरीचं लग्न ठरलं का?” आण्णा म्हणत होते, “त्याच्याहून मोठं आहे.”

श्रावणात उद्घाटन झालं. मी शाल आणि नारळ घेतला. पाऊस पडत होता, माणसं छत्र्या घेऊन होती, पत्र्याखाली भाषणं झाली. कुडाच्या भिंती आतून तशाच ठेवल्या होत्या, बाहेरून सिमेंटचा गिलावा. छप्पर तांबड्या रंगाच्या पत्र्याचं, चकचकीत, एक थेंब गळत नव्हता. अंगणात फरशा. आबा खुर्चीवर बसवलेले, गळ्यात झेंडूचा हार, आणि ते सारखे वर बघत होते. मी मनाशी म्हटलं, बघ, म्हातारा कसा डोळे भरून छप्पर बघतोय.

मला हे वाक्य आता लिहितानाही हात धुवावेसे वाटतात.

दुसरा मार्गशीर्ष. भरताचा तोच धूर. मी मोठ्या उत्साहाने गेले, आता जीप थेट दारात जात होती. दाराला कुलूप. बाहेर फलक, वेळ दहा ते पाच, किल्लीसाठी तालुक्याला संपर्क साधावा. आबा आणि जमना गावाच्या टोकाला घरकुलात. आबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. दिवसाढवळ्या. मी म्हटलं, “जमना, बरं नाही का आबांना?”

जमनाने हातातलं काम खाली ठेवलं. “तुले खरंच माहीत नही, ताई?”

“काय?”

“ती रानवेल नही व्हती. ती पावरीनी वेल व्हती.”

मग तिने सांगितलं. भाजीचा दुधी पावरीला चालत नाही. पातळ सालीचा, वाळला की तडकतो. पावरीचा भोपळा कडू असतो, तोंडात धरवत नाही इतका कडू, आणि साल लाकडासारखी. तो बाजारात मिळत नाही, कुठल्याच बियाण्याच्या पाकिटात नसतो. तो फक्त या छपरावर व्हायचा. पावसाच्या तोंडाला बी लावायचं, वेल छपरावर चढवायची, आणि फळ तोडायचं नाही. वेल मरेपर्यंत, पानं झडेपर्यंत, सगळी थंडी, ते वेलीवरच वाळू द्यायचं. वाळलेली, मेलेली दिसणारी वेल म्हणजे पीक तयार. तीन खोऱ्यांतले पावरकर माघात इथे येऊन भोपळे घेऊन जायचे. दिल्लीचा फोटो, रेडिओवाले, ते सगळं बाहेरच्या लोकांसाठी. डोंगरातल्या माणसांना हे घर माहीत होतं ते छपरासाठी.

“त्यास्नी बठ्ठा भोपळा पाडात,” जमना म्हणाली. “ट्रॅक्टरमा भरात आनि नालामा फेकी दिनात.”

“आबांनी अडवलं नाही?”

“अडावं ना. नका काढू म्हने. तं तो मुकादम कागद दखाडे. तुम्हीच लिहून दिलंय ना आबा, रानवेल काढा म्हणून? ही सही तुमचीच ना?” तिने मुकादमाचा शहरी आवाज काढला. “आबा घडीभर कागद देखत बसना. मंग म्हने, पोरीनी लिखेल शे, तं काहीतरी समजीसनच लिखेल व्हई.”

मी तिथे काय बोलले ते आठवत नाही. रस्त्याला शिव्या दिल्या असाव्यात, कारण जमना म्हणाली, “रस्ताले नाव नको ठेऊ, ताई. रस्ता चांगला शे. पोरं शायमा जातस.” ती इतकी न्यायाने बोलत होती की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

पारोळ्याला आले आणि आण्णांना सांगितलं. ते चिडले. “वेल पुन्हा लावता येते. रस्ता पुन्हा पुन्हा होतो का?” मी म्हटलं, बी नाही. ते म्हणाले, “बी कुठेतरी असतंच.” मग माळ्यावर चढले आणि उरलेल्या पिवळ्या पत्रकांचा गठ्ठा खाली काढला. मला वाटलं जाळतील. त्यांनी चष्मा लावून एक पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं, एका शुद्धलेखनाच्या चुकीवर बोट ठेवलं आणि गठ्ठा परत वर ठेवला.

पण आण्णांचं खरं होतं, बी होतं. जमनानेच पुढच्या खेपेला सांगितलं. या घरात पावरी मेली, म्हणजे फुटली, की तिला फेकत नाहीत. भोपळ्याची चीर मेणाने बुजवतात आणि त्याआधी आत मूठभर बी टाकतात. मग ती आढ्याला, चुलीच्या धुरात. धुराने किडा लागत नाही. एखाद्या वर्षी वेल गेलीच, तर मेलेल्या पावरीतून बी काढायचं. आढ्याला टांगलेल्या त्या तीन जुन्या पावऱ्या, ज्यांची मोरपिसं सुराने हलत होती, त्यांच्या पोटात बी होतं. आणि त्या आता, माझ्या चौथ्या मागणीप्रमाणे, काचेच्या पेटीत सुरक्षित होत्या.

मी अर्ज लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा खाली ‘आपली नम्र’ लिहिलं. कचेरीतल्या बाबूंनी तो दोनदा वाचला.

“तुम्हाला वाद्य हवंय की बी?”

“बी. वाद्याच्या आत आहे.”

“वस्तूंच्या यादीत बी नाही.”

“यादी करताना कुणी हलवून बघितलं नसेल.”

“मॅडम, यादीत नाही ती वस्तू पेटीत असेल कशी?” ते खरोखर विचारत होते. वाईट माणूस नव्हता. मला चहा दिला. “आणि पेटी उघडू नये अशी तर तुमचीच मागणी होती. सुरक्षित ठेवावं, तुमचाच शब्द आहे. फाईलला तुमचं पत्रक लावलंय बघा.” फाईल उघडून दाखवली. पिवळा कागद, वर नस्तीचा क्रमांक, टाचणीचं भोक थेट मथळ्यातून गेलेलं.

थंडी गेली, उन्हाळा आला. खानदेशातल्या उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं तसा मी त्या कचेरीला चिकटले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी बदली झालेली, कधी नव्या साहेबांना आधी स्मारक बघायचं होतं. मी पुन्हा पत्रक काढू शकले असते. रात्रंदिवस तेच तर करत आले होते. पण पेन हातात धरलं की ‘माजलेली रानवेल’ हे दोन शब्द समोर उभे राहत. मग मी नुसती बाकावर बसून राहायचे. त्याच वैशाखात आबांची वाजवायची पावरी तडकली. त्यांनी चीर मेणाने बुजवली, पण आत टाकायला बी नव्हतं. जमना सांगते, ती पावरी आबांनी रिकामीच टांगली.

ज्येष्ठात, ढग जमायला लागलेले असताना, पेटी उघडली. बाबू किल्ली घेऊन आले, पंचनाम्याचा कागद घेऊन आले. दोन पावऱ्या रिकाम्या निघाल्या. आबांनी तिसरी, त्यांच्या आजोबांची, कानाशी धरून हलवली. आत खुळखुळलं. जमनाने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं उमटली. नखाने मेण खरवडून आबांनी तळहातावर बी ओतलं. अकरा-बारा दाणेच उरले असतील, काळपट, कोनदार. त्यांनी वास घेतला. मग हात माझ्या नाकाजवळ आणला. औषधाचा वास. वाद्यं टिकावीत म्हणून पेटीत काहीतरी फवारलं होतं. बाबू म्हणाले, “कीड लागू नये म्हणून असतं ते. फार भारी औषध.”

स्मारकाच्या अंगणात फरशा होत्या, म्हणून घरकुलामागे बी लावलं. आबा रोज संध्याकाळी तांब्याने पाणी घालायचे, पाऊस पडत असतानासुद्धा. आषाढ अर्धा गेला तरी माती तशीच सपाट. आणि मग जमनाचा फोन आला, आवाज फुटलेला, “ताई, एक उगनं! एक उगनं, ताई!”

मी जळगावच्या बसस्टँडवर उभी होते. शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली.

ती वेल घरकुलाच्या स्लॅबवर चढली. पांढरी फुलं आली, संध्याकाळी उमलणारी. तीन फळं धरली. मी दर महिन्याला जात होते आणि दर वेळी आबांना विचारत होते, तीच ना? ते म्हणायचे, “देखूत.” वेलीचा शेंडा चावला असता तरी त्यांना कळलं असतं; कडूपणा वेलीच्या टोकापर्यंत असतो. आयुष्यभर तेच केलेला माणूस. त्यांनी चावला नाही. जमनाला चावू दिला नाही. आम्ही तिघंही आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत त्या वेलीखाली उठलो बसलो आणि कुणी तोंडाला लावलं नाही.

यंदाच्या मार्गशीर्षात, परवा, आबाच म्हणाले, “आन इळा.” सर्वांत लहान फळ त्यांनी उतरवलं. ओसरीवर बसून एक काप काढला. जमना डोळे मिटून पुटपुटत होती, “कडू निंघू दे, माय. कडू निंघू दे.” मीही तेच म्हणत होते. एखाद्या फळाने कडू निघावं म्हणून इतक्या आर्ततेने कुणी काही मागितलं नसेल. आबांनी काप जिभेवर ठेवला. त्यांचे ते सैल गाल एकदा हलले. मग त्यांनी तो नीट चावून खाल्ला.

“गोड शे,” ते म्हणाले.

कुठल्यातरी दिवशी भाजीच्या दुधीची सालं-बिया मागे टाकल्या असतील. त्यातलं एक बी रुजलं असेल. बस, एवढंच.

जमना उठून आत गेली. आबांनी तिला हाक मारली, “चांगलं शे. कवळं शे. भाजी कर.” तिने भाजी केली, नागलीची भाकरी थापली, आणि आम्ही तिघं जेवलो. चव चांगली होती. मी प्रत्येक घास गिळला. याहून दुसरी कुठली शिक्षा मला झाली असती तर मी तिच्याविरुद्ध पत्रक काढू शकले असते.

दुपारी खळीवर माऊल्या जमल्या. व्रत चालू होतं, फेर धरायचा होता, आणि आबांकडे वाजती पावरी नव्हती. खालच्या गावच्या पावरकराला बोलावलं होतं. त्याच्या पावरीचा भोपळाही आबांच्याच छपरावरचा, तोही चिरायला आलेला. आता तो एकटा चार गावांना पुरत होता. जीप येताना दिसेना. माऊल्या उपाशीपोटी उन्हात उभ्या. तरणी पोरं कुजबुजली, मग त्यांतला एक माझ्याकडे आला. “ताई, तुम्हना मोबाईलमा आबानी पावरी शे ना?”

मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं ते भडकतील, देवासमोर मोबाईल! मी भडकले असते. ते खळीच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

मी ते रेकॉर्डिंग त्या दिवसानंतर कधी पूर्ण लावलं नव्हतं. सुरुवातीची दोन मिनिटं लोकांना ऐकवायचे, भाषणात, बैठकीत, मुद्दा पटवायला. पुढे कधी ऐकलंच नाही. पोराने ते आपल्या स्पीकरला जोडलं. सूर निघाला. फेर हलला. पाय एका वेळी पडू लागले, धूळ उठली, म्हाताऱ्या माणसांनी डोळे मिटले. मध्येच कोंबड्यांचा आवाज, त्या अंगणातला, जिथे आता फरशा आहेत. न तुटणारा सूर. अकरा मिनिटं सगळं गाव माझ्या मोबाईलमधल्या त्या दुपारी नाचत होतं.

मग सूर थांबला आणि स्पीकरमधून आबांचा आवाज आला, दमलेला, आनंदी, दोन वर्षांपूर्वीचा.

“पोरी, हाई वर वेल शे ना, हाई काय शे सांगू तुले, हाई...”

आणि माझा, तरणा, खणखणीत.

“थांबा आबा, आधी मागण्या लिहून घेऊ.”

टक. रेकॉर्डिंग संपलं.

फेर जागच्या जागी उभा राहिला. माऊल्यांचे हात एकमेकांच्या खांद्यांवर तसेच. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. डोंगराच्या बाजूने जीपचा आवाज येतो का म्हणून पोरं कान देत होती. येत नव्हता. आबा जमिनीवरची एक काडी उचलून तिचे तुकडे करत होते. शेवटी मान वर न करता ते त्या पोराला म्हणाले,

“आखो लाव.”

त्याने पुन्हा लावलं. फेर पुन्हा हलला. मी खळीच्या कडेला उभी होते, मला मोबाईल मागता येत नव्हता आणि कान झाकता येत नव्हते. अकरा मिनिटं फेर चालला. मग आबा वेलीचं सांगायला लागले, आणि मी त्यांना थांबवलं.